बेर्कहाइडेवरच्या तीन उदबत्त्या

चौतीस वर्षं भानुदास गजघाटे यांच्या खिशात काडेपेटी नव्हती. विदर्भातल्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात ते नोकरीला होते. तिथे गेटवर रोज अंगझडती व्हायची, आणि काडेपेटी सापडली की माणूस त्याच दिवशी घरी. त्यामुळे विडी त्यांनी कधी तोंडाला लावली नाही. घरातला गॅससुद्धा बायकोने, कांताबाईंनीच पेटवायचा, हे दूर उभे. "आगीशी माझं जमत नाही," असं ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत आणि कांताबाई स्वयंपाकघरातून "कामाशीही जमत नाही" अशी पुस्ती जोडत. अशा माणसाच्या हातून सात हेक्टर माळ जळाला, आणि तोही हॉलंडात. त्याची ही गोष्ट आहे.

हॉलंडात ते आले मुलाकडे. विवेक टिलबर्गला एका गोदाम कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. आईवडिलांना कायमचं इकडे आणायचं म्हणून त्याने चार वर्षं कागदपत्रांशी झटापट केली. परवाना मिळाला तोवर कांताबाई गेल्या होत्या, म्हणून एकटे भानुदास आले. सत्तरीचा माणूस, डोक्यावर कानटोपी, बॅगेत बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्ती आणि कांताबाईंचं एक लुगडं. हे लुगडं कशाला, असं सुनेने विचारलं नाही. सून शहाणी होती. सुमेधा तिचं नाव, औषधाच्या दुकानात काम करायची, आणि विवेकने कधी मनावर घेतली नाही ती डच भाषा तिने नीट शिकून घेतली होती.

सकाळी आठला दोघं सायकली काढून कामावर जात, की घर जे गप्प व्हायचं ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत. भानुदास खिडकीशी बसून समोरच्या घराच्या खिडकीकडे बघत. त्या खिडकीत एक म्हातारी बसून यांच्याकडे बघे. दोन महिन्यांत दोघांनी एकमेकांना हात केला नाही. जेवण उतरेना, झोप लागेना. शेवटी सुमेधानेच त्यांना एका रविवारी गाडीत घातलं आणि गावाच्या दक्षिणेला, बेल्जियमच्या हद्दीला लागून असलेल्या बेर्कहाइडेवर फिरायला नेलं.

हाइडे म्हणजे माळ. खुरट्या झुडपांचा, वाळूचा, लांबच लांब उघडा माळ. त्या माळावर पाचसहा म्हातारी माणसं वाकून बर्चची रोपटी मुळासकट उपटत होती. झाडं लावायची सोडून उपटतात कसली, म्हणून भानुदासांना राहवेना. सुमेधाने चौकशी केली तेव्हा कळलं की हे रणांगण आहे. बेल्जियम वेगळा झाला, त्यानंतर १८३१ च्या ऑगस्टात डच राजाने हद्दीपार फौज धाडली. दहा दिवसांची मोहीम होती. मोठ्या लढाया पुढे झाल्या, इथे नुसती तीन तासांची चकमक. इतिहासाच्या पुस्तकात तिला ओळही नाही. पण एकतीस माणसं मेली होती, आणि आसपासच्या लोकांनी तो माळ होता तसा राखायचं ठरवलं. ना नांगर घातला, ना घरं बांधली. झाडं वाढली तर रान होईल आणि गुडघाभर उंचीचा तो मातीचा बांध, ज्याच्या आड सैनिक पडले होते, तो दिसेनासा होईल, म्हणून दर गुरुवारी रोपटी उपटायची.

बांधाच्या टोकाला एक शिळा होती. तिच्यावर दोन्ही बाजूंची नावं एकत्र कोरलेली. सव्वीस नावं, आणि खाली पाच वेळा एकच शब्द, "ऑनबेकेंड". सुमेधाने त्याचा अर्थ सांगितला, अज्ञात. भानुदास तिथेच थबकले. तरुणपणी ते वडिलांबरोबर भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले होते. वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण ते एकेका नावावरून बोट फिरवत राहिले होते आणि मागची रांग खोळंबली तरी हलले नव्हते. दगडावर नाव असणं म्हणजे काय हे भानुदासांना पुस्तकातून शिकायला लागलं नव्हतं. इथे पाचजणांना दगड मिळाला होता आणि नाव नव्हतं. कोणाच्या तरी पोटची पोरं, आणि दोनशे वर्षांत एकानेही येऊन हा माझा म्हटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारपासून ते जायला लागले.

त्या टोळीत मार्लीस नावाच्या निवृत्त शिक्षिका मुख्य होत्या. पण भानुदासांना ज्याने ओढून घेतलं तो तोन. टिलबर्गच्या लोकरीच्या गिरणीत तोन पन्नास वर्षांपूर्वी कामाला लागला, गिरणी बंद पडली तेव्हा शेवटच्या पाळीत होता. अठ्ठ्याहत्तरीचा, उंच, हाताची बोटं तंबाखूने पिवळी. तो त्याच्या ब्राबांती डचमध्ये बोलायचा, भानुदास नागपुरी मराठीत, आणि दोघंही समोरच्याला सगळं कळतंय अशा थाटात. तोन गिरणीच्या मालकाला शिव्या द्यायचा तेव्हा भानुदासांना त्या अक्षरशः कळत. मालकांच्या शिव्या सगळीकडे सारख्याच लागतात. तोनने आपले जुने हातमोजे त्यांना दिले, मुळाला कुदळ कुठून घालायची ते दाखवलं, आणि विश्रांतीच्या बाकावर डाव्या बाजूची जागा त्यांच्यासाठी राखली. कोणी दुसरा बसला तर उठवायचा. या देशात भानुदासांची म्हणावी अशी ती एकच जागा होती.

एक गोष्ट भानुदासांच्या आधी लक्षात आली, बाकीच्यांच्या नंतर. तोन विसरायला लागला होता. कॉफीचा थर्मास बांधामागे ठेवून शोधत बसायचा. एकदा अर्ध्या तासात त्याने त्याच मालकाची तीच गोष्ट तीनदा सांगितली. भानुदास काही न बोलता थर्मास उचलून आणत आणि तिसऱ्यांदाही पहिल्यासारखंच हसत. वय झालेल्या माणसाची लाज राखणं त्यांना येत होतं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तिथे स्मरणाचा कार्यक्रम होई. टोळीतल्या प्रत्येकाने थोडी थोडी नावं मोठ्याने वाचायची. मार्लीसबाईंनी भानुदासांना शेवटचे पाच दिले, तोच एक शब्द पाचदा. डच न येणाऱ्या माणसाला सोपं म्हणून दिले असतील, पण भानुदासांना तो मान वाटला. आरशासमोर उभे राहून ते सराव करत. विवेक हसायचा, "बाबा, एकच तर वर्ड आहे." भानुदास म्हणत, शब्द एक आहे, माणसं पाच आहेत.

त्या वर्षी उन्हाळा भलताच कडक पडला. सात आठवडे आभाळातून थेंब नाही. माळाच्या फाटकावर आगीच्या धोक्याचा लाल फलक लागला. आणि आषाढी पौर्णिमा आली, बुधवारी.

पौर्णिमेला घरात वंदना असे. पण त्या दिवशी भानुदासांच्या मनात आलं की त्या पाचांसाठी कोणीच कधी काही केलेलं नाही. सकाळी सहाला पांढरा सदरा घालून ते पहिल्या बसने निघाले. लाल फलक त्यांनी बघितला. त्याचा अर्थ त्यांना समजत होता, आणि म्हणूनच मेणबत्ती त्यांनी मुद्दाम घरी ठेवली होती. ज्योत उघड्यावर नको. फक्त तीन उदबत्त्या घेतल्या आणि घरी बुद्धमूर्ती मांडली होती त्या फळीवरची काडेपेटी. आयुष्यात पहिल्यांदा ती खिशात ठेवली.

शिळेसमोर त्यांनी त्रिशरण पंचशील म्हटलं, उदबत्त्या लावल्या, काडी थुंकीने विझवून परत पेटीत टाकली आणि उदबत्त्या शिळेच्या पायथ्याशी जमिनीत खोचल्या. आपल्याकडे कोणीही हेच करील. उदबत्ती मातीपर्यंत जळत आली की आपोआप विझते, ही लहानपणापासूनची खात्री. ती त्यांच्या गावच्या काळ्या मातीबद्दल खरी होती. हाइडेची वरची जमीन माती नसतेच, वर्षानुवर्षांची वाळकी मुळं आणि शेवाळ असतं ते, आणि सात आठवडे ते उन्हात भाजून निघालं होतं. चौतीस वर्षं दारूगोळ्यात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. कोण सांगणार होतं? हात जोडून, हलक्या मनाने ते नऊच्या आत घरी आले आणि पोहे करून खाल्ले.

साडेअकराला माळ पेटला. दुपारी खिडकीतून दक्षिणेकडे धूर दिसला तेव्हा भानुदास उठून उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत बसले नाहीत. रात्रीच्या बातम्या सुमेधाने ऐकल्या, सांगितल्या. सात हेक्टर. कोणाला इजा नाही. आग शिळेजवळ कुठेतरी जमिनीच्या आतून धुमसत सुरू झाली असावी असा बंबवाल्यांचा अंदाज होता. भानुदासांचा हात खिशात गेला.  काडेपेटी हाताला लागत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सगळी टोळी काळ्या माळाच्या कडेला उभी होती. शिळा वाचली होती, काळी पडून. बाक नव्हता. आणि तोन रडत होता. मार्लीसबाई त्याचा दंड धरून काहीतरी समजावत होत्या. भानुदासांना शब्द कळेनात, म्हणून त्यांनी फोन लावून सुमेधाला ऐकवलं. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "बाबा, ते म्हणताहेत की आग त्यांच्यामुळे लागली. ते काल सकाळी कुत्र्याला घेऊन बाकावर बसले होते. सिगरेट ओढली का, विझवली का, काहीच आठवत नाही म्हणतात. म्हणजे मीच, असं म्हणताहेत."

शिळेपासून बाक दहा पावलांवर होता. तोनला स्वतःवर भरवसा उरला नव्हता, त्यामुळे कोणी बोट दाखवायच्या आत त्याने गुन्हा पदरात घेतला. आठवत असतं तर माणूस नाही म्हणू शकतो. त्याने अवजारांच्या शेडची किल्ली काढून मार्लीसबाईंच्या हातात दिली आणि वळून चालू लागला. भानुदासांच्या जवळून जाताना त्यांच्या खांद्यावर थोपटलं, जणू यांचंच सांत्वन करायचं आहे. 

घरी आल्यावर त्यांनी विवेकला सगळं सांगितलं. विवेक वाईट मुलगा नाही. त्याने लॅपटॉप बंद केला, दोनदा सगळं विचारून घेतलं, आणि मग त्याचा चेहरा उतरला.

"बाबा, कोणी तुम्हाला विचारलंय का? नाही ना? मग गप्प बसा. ऑक्टोबरमध्ये परमिट रिन्यू करायचंय. पोलीस केस झाली तर काय होईल मला माहीत नाही, आणि मला ते माहीत करून घ्यायचंही नाही. आई गेली तेव्हा मी विमानात होतो. तुमच्या वेळी मला विमानात बसायचं नाहीये."

 भानुदास गप्प बसले. त्या म्हाताऱ्याला कोण शिक्षा करणार आहे, वय बघून सोडून देतील, असंही विवेक म्हणाला, आणि तसंच झालं. तोनला कोणी काही केलं नाही. उलट सगळे त्याच्याशी गोड बोलले. ते जास्त वाईट होतं.

भानुदास रोज सकाळी पंचशील म्हणत. तिसऱ्यापर्यंत आवाज खणखणीत. चौथं शील खोटं न बोलण्याचं.  पहिले दोन दिवस त्यांनी पुटपुटून भागवलं, मग ते शील सोडूनच द्यायला लागले. तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर. सुमेधा पलीकडे डबा भरत असायची. तिने पाचसहा दिवस हे ऐकलं. नवऱ्याने तिला काही सांगितलं नव्हतं, पण मोजणं तिला येत होतं.

स्मरणाचा रविवार उजाडला. काळ्या माळावर खुर्च्या मांडल्या होत्या, बेल्जियमकडून चाळीसेक माणसं आली होती, राखेचा वास अजून होता. तोन आला नव्हता. भानुदासांनी मनाशी ठरवलं होतं की नावं वाचून झाली की माइकवरच सांगून टाकायचं. त्यासाठी एक डच वाक्य फोनवर शोधून, कागदावर देवनागरीत लिहून खिशात ठेवलं होतं. त्यांची पाळी आली. "ऑनबेकेंड," ते म्हणाले, आणि थांबले. पाच वेळा. पाचव्याच्या नंतर समोरचे लोक त्यांच्याकडे बघत होते, पहिल्या रांगेत विवेक होता, आणि विवेकने अगदी थोडीशी मान हलवली, नाही म्हणून. भानुदास खाली उतरले. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचा गळा दाटला. एका बेल्जियन बाईने उठून त्यांचे हात हातात घेतले. स्वतःच्या त्या हातांची त्यांना इतकी लाज वाटली की जेवणाच्या वेळीही ते वर घेववेनात.

त्याच दिवशी निघताना मार्लीसबाईंनी सांगितलं की तोनला आता घरी ठेवता येत नाही. आग लागल्यापासून झपाट्याने ढासळला. मुलीने त्याला वृद्धांच्या निवासात ठेवलंय. तिथे तो सगळं विसरतो, कुत्र्याचं नाव विसरला, बायको वारली आहे हे विसरतो. एवढं एक विसरत नाही, की माळ आपण जाळला. येईल त्याला सांगत बसतो.

भानुदास गाडीत बसले. मग पुढच्या सीटवरच्या सुमेधाच्या पाठीकडे बघत त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, उदबत्त्या, काडेपेटी, सगळं. विवेकने गाडी बाजूला घेतली. तो काहीतरी बोलणार होता, पण सुमेधा आधी बोलली. "बाबा, उद्या मी सुटी घेते. आधी मार्लीसकडे जाऊ."

विवेक बापाशी अकरा दिवस बोलला नाही.

मार्लीसबाईंनी सगळं ऐकून घेतलं.  हे आपल्याला अग्निशामक दलाला आणि गेमेन्टेला, म्हणजे पालिकेला, कळवावं लागेल म्हणाल्या. माळ काही वर्षांत परत येईल, असंही म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण भानुदासांना दारापर्यंत सोडायला उठल्याही नाहीत. पुढे एक पोलीस आला, जबानी झाली, ताकीद मिळाली. परवान्याचा अर्ज गेला आहे आणि उत्तर अजून आलेलं नाही. टोळीत परत या असं त्यांना कोणी म्हटलं नाही, आणि येऊ नका असंही कोणी म्हटलं नाही. तेव्हा जाणं बंद झालं.

पण खरं काम तोनकडे होतं. सुमेधा त्यांना तिथे घेऊन गेली. खिडकीशी खुर्ची, गुडघ्यांवर चौकड्यांची शाल, बोटांचा पिवळेपणा जायला लागलेला. तोनने भानुदासांना ओळखलं असं वाटलं, कारण त्याने खुर्ची सरकवून डाव्या बाजूला जागा केली. भानुदास मराठीत बोलले, सुमेधाने डचमध्ये सांगितलं. तो तू नव्हतास. तू निर्दोष आहेस. आग मी लावली, चुकून लावली, आणि तुझ्या माथी जाऊ दिली. तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही. मला माफ कर.

तोन ऐकत राहिला. मग त्याने सुमेधाला परत विचारलं, नक्की मी नाही? नक्की नाही, ती म्हणाली. तोनचा चेहरा असा काही मोकळा झाला की भानुदासांना बघवेना. तो हसला, रडला, भानुदासांचं डोकं छातीशी धरलं. मी नाही, मी नाही, असं स्वतःशी म्हणत राहिला. भानुदासही रडले. कॉफी आली, सोबत एकेक बिस्किट. तिघांनी ती घेतली. किती दिवसांनी भानुदासांच्या तोंडाला चव लागली. कप खाली ठेवून तोन सुमेधाकडे वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाई, तुम्हाला माहीत नसेल. तो माळ मी जाळला."

सुमेधाने ते मराठीत सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी भानुदास बसने तिथे जातात. सुमेधाला आता न्यावं लागत नाही, सात वाक्यं त्यांनी पाठ केली आहेत. पण तोनला ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकू येतात, त्यामुळे आज काय होईल याचा नेम नसतो. कधी तो मिठी मारतो. कधी नुसता खिडकीबाहेर बघत बसतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा त्याने शांतपणे विचारलं की मग तू इतके दिवस कुठे होतास, आणि भानुदासांना आठवं वाक्य येत नव्हतं.

गेल्या गुरुवारी तोन भडकला. शालीसकट उठला, भानुदासांच्या सदऱ्याला धरलं आणि चालता हो म्हणाला. तेवढं डच भानुदासांना कळतं. परिचारिका धावत आली. भानुदास बाहेर आले. घरी जायची बस आठ मिनिटांनी होती. ते कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसले, ती बस जाऊ दिली, त्यानंतरचीही जाऊ दिली. सदऱ्याची तुटलेली गुंडी हातात होती. मग उठून त्यांनी दार वाजवलं.

तोन खिडकीशी बसला होता. यांना बघून त्याने हसून जागा केली. भानुदास बसले तसा तो जवळ झुकला आणि इकडेतिकडे बघत, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून, त्याच्या त्या माळाचं सांगायला लागला. भानुदासांनी त्याचं पुरं होऊ दिलं, आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.